डोंगराची झीज आणि दरडीची गती



माध्यमिक शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून झीज शिकवतात आणि विज्ञानाच्या पुस्तकातून गती. विद्यार्थी दोन्ही धडे पाठ करतो, दोन्हींचे गुण मिळवतो आणि दोन वह्या दोन ठिकाणी ठेवून देतो. माझे शाळेतले शिक्षण लवकर सुटले. ही पुस्तके मी पुढे, रस्त्यांवर आणि खाणींत राबणाऱ्या मजुरांच्या संघटनेचे काम करताना वाचली. दरडीखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला हे दोन धडे वेगळे ठेवून चालत नाही. म्हणून आज ते एकत्र मांडतो.

प्रथम झीज. आपला सह्याद्री सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. हा काळा पाषाण अभेद्य वाटतो, पण त्याला भेगा असतात. दिवसा तो तापतो, रात्री निवतो. भेगांतून मुळे शिरतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते दगडातल्या खनिजांची चिकणमाती करते आणि त्यातल्या लोखंडाला गंज आणते. मुरमाचा तांबूस रंग तो हाच. घाटात कापलेल्या कड्याकडे पाहा : कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतील. दगड असा जागच्या जागी कुजतो, त्याला विदारण म्हणतात. कुजलेला माल पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून नेला, की ते क्षरण. आणि तोच माल स्वतःच्या वजनाने एकदम खाली आला, की आपण म्हणतो, दरड कोसळली.

मग प्रश्न असा, की हा सुटा झालेला माल इतकी वर्षे उतारावर थांबतो कसा? येथे दुसरी वही उघडावी लागते. न्यूटनने 1687 साली सांगून ठेवले, की बळांचा तोल बिघडल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही. 30 अंशांच्या उतारावर 100 किलोचा धोंडा ठेवला असे समजा. त्याच्या वजनापैकी 50 किलोचा जोर त्याला खाली ओढतो आणि सुमारे 87 किलोचा भार त्याला उतारावर दाबून धरतो. घर्षण या दाबावर अवलंबून असते. ते दाबाच्या सहा दशांश धरले, तर 52 किलो भरते. ओढ 50, अडवणूक 52. धोंडा थांबतो, पण दोन किलोंच्या शिलकीवर!

आता पाऊस लागतो. पाणी मुरमात मुरते आणि खालच्या घट्ट खडकावर तुंबते. लोक म्हणतात, माती निसरडी झाली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तुंबलेले पाणी वरच्या मातीला खालून उचलून धरू लागते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने 1920 नंतरच्या दशकात हे शास्त्र मांडले. आपल्या उदाहरणात पाण्याने 20 किलो भार उचलला, तर दाब 67 उरतो आणि घर्षण 40 वर येते. ओढ मात्र 50 च आहे. तोल गेला!

पुढचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. 100 किलोंवर 10 किलोचा जोर शिल्लक राहिला, म्हणजे वेग दर सेकंदाला सेकंदास एक मीटरने वाढणार. दहा सेकंदांत 50 मीटर, वीस सेकंदांत 200 मीटर. आणि तेव्हा वेग ताशी 72 किलोमीटर. खऱ्या दरडीत चिखल, झाडे, दगड सारेच मिसळलेले असते, त्यामुळे आकडे बदलतील. पण पळून सुटण्याची आशा किती, ते यावरून कळते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. तिन्ही वेळा मुसळधार पाऊस होता.

तात्पर्य हे, की कुजायला हजारो वर्षे लागतात आणि कोसळायला काही सेकंद. वाचवण्याचा अवधी त्या सेकंदांत नसतो, त्याआधी असतो. रस्त्यासाठी, घरासाठी किंवा खाचरासाठी उताराचा पायथा कापला, की वरच्या मातीचा टेकू जातो. पाण्याची वाट बुजवली, की तुंबारा वाढतो. उतारावर नवी भेग पडणे, खांब व झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, घराची दारे अडकू लागणे या सूचना आहेत. त्या दिसताच माणसे हलवली पाहिजेत. कापलेल्या कड्याखाली काम करणाऱ्या मजुराला तर 'येथे आज उभे राहणार नाही' असे म्हणता आले पाहिजे आणि त्यापायी त्याची मजुरी बुडता कामा नये. संघटनेच्या मागण्यांत पगाराइतकीच ही मागणीही ठासून मांडावी, असे मी सांगत आलो आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून रजा घेतो. मुलांना जवळच्या टेकडीवर न्या. उताराचा कोन मोजायला लावा. सरळ उभ्या बाजूंच्या डब्यात रोजचा पाऊस मोजायला लावा. डोंगराखालच्या वाडीत असा हिशेब ठेवणारी चार मुले असली, तर वाडी कधी सोडायची हे ठरवताना त्यांचा मोठा उपयोग होईल.