ना शिट्टी, ना घाई... स्लो कुकरची स्वस्त नवलाई!

छत्रपती संभाजीनगरात पाणी १०० अंशांवर उकळत नाही, माहीत आहे का? आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर उंचावर वसलेलं. त्यामुळे इथल्या पातेल्यातलं पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उसळ्या मारायला लागतं. आता गंमत बघा! विजेवरचा स्लो कुकर पूर्ण तापला, की आतला रस्साही याच आकड्याच्या जवळपास जाऊन थांबतो. मग वेगळं काय? तिथवर पोचायला तो घेतो तो वेळ. सगळी जादू त्या वेळातच आहे, मंडळी!

बटणावरचे ‘लो’ आणि ‘हाय’ बघून वाटतं, एक कोमट आणि दुसरं कडक. पण बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्हींचं शेवटचं स्टेशन एकच असतं. ‘हाय’ ही एक्सप्रेस, तीन-चार तासांत हजर. ‘लो’ ही पॅसेंजर, सात-आठ तासांनी पोचणार. तिकीट तुमच्या सोयीने काढा!

आणि संथ आचेचं म्हणाल, तर या शहराला ती नवी नाही. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला हलवली. त्याच्या फौजफाट्याबरोबर नान खलिया इथे आला, असं शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजधानी काही वर्षांत माघारी गेली. नान खलिया मात्र कायमचा मुक्कामाला राहिला!

लग्नाच्या दावतीत खलियाची देग चढलेली कधी पाहिलीय का? भलंमोठं तांब्याचं भांडं, खाली लाकडाची आच, आत मटण आणि वाटणाचा दाट रस्सा. कुणी घाई करत नाही. तास उलटत जातात, वर लालभडक तर्री चढते, तिकडे तंदुरातून पिवळसर नान निघत असते. बोटाने दाबलं तरी मटण हाडावरून सुटतं. हे बघितलं की स्लो कुकर परदेशातून आलाय, असं म्हणायला जीभ वळत नाही. आला आहे तो फक्त प्लग!

मटण इतकं मऊ होतं कसं? जनावराच्या ज्या भागांना जास्त कष्ट पडतात, तिथे कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन जास्त असतं. ओलसर उष्णतेत तास-दोन तास नव्हे, चांगले चार-सहा तास ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटायला लागतो. म्हणून पाये, नल्ली, सीना हे भाग इथे हिरो ठरतात. महागडी चाप स्लो कुकरमध्ये घालू नका, ती कोरडी पडते. बजेटवाल्यांनो, खाटकाकडची पहिली बचत ही!

आता प्लगवाल्याची जन्मकथा. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी १९३६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९४० साली ते मिळालं. प्रेरणा? आईने सांगितलेली गोष्ट. लिथुएनियातल्या विल्नो शहरात ज्यू कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी चोलेंटचं, म्हणजे घेवडा-मांसाच्या रश्श्याचं, भांडं बेकरीच्या निवणाऱ्या भट्टीत ठेवून यायची. शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, चूल पेटवायची नाही, पण शनिवारी गरम जेवण तयार! नॅक्सन यांनी ती भट्टी विजेच्या भांड्यात बसवली आणि नाव ठेवलं ‘नॅक्सन बीनरी’. म्हणजे थेट घेवड्याचंच भांडं.

बीनरी काही फार गाजली नाही. मग १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला, भांड्याला नवं रूप दिलं आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात उतरवलं. नोकरीला निघालेल्या अमेरिकन बायकांनी ते डोक्यावर घेतलं. १९७१ मध्ये २० लाख डॉलरची विक्री, १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाख! स्लो कुकर, फास्ट धंदा.

भारतीय हजेरी लावायची राहिली का? छे! कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्येच ‘इकमिक कुकर’ काढला होता. डब्यांची उतरंड, खाली निखारे. भात, डाळ, भाजी एकदमच वाफेवर तयार. वीज नाही, शिट्टी नाही, राखण नाही.

चला, खरेदीला! गुलमंडीत शिरण्याआधी एक आकडेमोड करू. साडेतीन लिटरचा स्लो कुकर साधारण २०० वॅटचा असतो. सलग आठ तास चालला तरी १.६ युनिट. दोन हजार वॅटचा गीझर तेवढीच वीज ४८ मिनिटांत पितो! शेवटच्या बिलावरचा तुमच्या स्लॅबचा दर १.६ ने गुणा. एका हंडीचा खर्च कळला की नाही? शिवाय १६ अँपिअरचा जाड सॉकेटही लागत नाही, कारण हा गडी एक अँपिअरसुद्धा ओढत नाही.

सगळ्यात महाग पडणारा मोह कोणता, सांगू? मोठ्ठा साइज! स्लो कुकर निम्मा ते दोन तृतीयांश भरलेला असतो तेव्हाच नीट शिजवतो. सहा लिटरच्या भांड्यात दोघांची आमटी टाकली, तर ती कडेला करपते. एकट्यादुकट्याला दीड लिटर, चौघांच्या घराला साडेतीन लिटर पुरे. पाहुण्यांच्या नावाने मोठं भांडं घेऊ नका. पाहुणे वर्षातून चारदा येतात, वरण रोज लागतं.

दुसरा मोह डिजिटल स्क्रीनचा. इथे माझं मत अगदी ठाम आहे: साधा फिरता नॉब घ्या. स्वस्त तर आहेच, पण मराठवाड्यात त्याचा खरा फायदा वीज गेल्यावर कळतो. लाइट आली की नॉबवाला आपोआप पुन्हा सुरू होतो. बरेच डिजिटल मात्र बंदच पडून राहतात, संध्याकाळी येऊन बघावं तर मटण गार. पण थांबा, नॉबवाल्यातही धोका आहे. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हेच माहीत नसेल, तर ते अन्न टाकून द्या. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतूंची चंगळ असते, आणि वासावरून ते ओळखता येत नाही.

आतलं भांडं सुटं निघतं का, हे दुकानातच बघा. सुटं असेल तर घासायला सोपं. जाड सिरॅमिक असेल तर एक पथ्य पाळा: फ्रिजमधून काढलेलं गार भांडं तापलेल्या बेसवर ठेवायचं नाही. तडा जातो, आणि नवं भांडं मिळवताना दमछाक होते.

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा ओळखीत जुना मिळतोय? घ्या की, पण परीक्षा घेऊन! निम्मं पाणी भरा, ‘लो’वर आठ तास ठेवा, झाकण काढताक्षणी थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंश आलं तर पास. त्याहून कमी आलं तर तो कुकर आता अन्न नीट तापवत नाही, परत करा. जास्त आलं तरी चालेल, फक्त वेळ थोडा कमी धरा.

अमेरिकेतली मावशी सुटकेसमधून क्रॉक-पॉट आणणार आहे? आत्ताच फोन लावा! तिकडचा १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. थेट प्लग लावला, की साडेतीन पटींहून जास्त वॅट त्याच्या अंगावर येतात. दोनशे वॅटचं भांडं सातशेच्या पुढे! ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरला तर फुकटचा कुकर इथल्या नव्याहून महाग पडेल. मावशीकडून बदाम मागवा.

आता ही गोष्ट मात्र वाचून पुढे पळू नका. राजमा! लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले, तरी काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. आणि धक्कादायक भाग पुढे आहे: ८० अंशांवर अर्धवट तापवला, तर राजमा कच्च्याहून पाचपट विषारी होऊ शकतो. स्लो कुकर नेमका त्याच तापमानातून रमतगमत जातो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर खळाखळा उकळा. निदान १० मिनिटं. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन तर ३० मिनिटं सांगतं. मगच स्लो कुकरमध्ये. आपल्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या हे काम आपोआप करतात, त्यामुळे आपल्याला ही सवय नाही. ती लावून घ्या!

हुलगे, हरभरे मऊ होत नाहीत? चिंच, टोमॅटो, गूळ आधी घातलात का? आंबट आणि गोड दोन्ही दाण्यांना मऊ होऊ देत नाहीत. बोअरचं जड पाणीही तेच करतं. दाणे आधी शिजू द्या, बाकीचं मागून. गव्हाच्या खिरीलाही हाच नियम: गहू फुटेपर्यंत गूळ डब्यातच राहू दे.

झाकण उघडून डोकावायचा मोह होतो ना? प्रत्येक डोकावण्याची किंमत वीस-एक मिनिटं! काचेचं झाकण त्यासाठीच असतं, बाहेरून बघा. झाकण बंद म्हणजे वाफही आत, म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. जायकवाडीचं पाणी रोज नळाला येत नाही अशा शहरात ही बचतसुद्धा मोजावी. आणि बटाटा, गाजर तळाशी ठेवा. मटणापेक्षा त्यांनाच जास्त वेळ लागतो, बोला!

फोडणी मात्र स्लो कुकरमध्ये होत नाही. मोहरी तडतडायला तापलेलं तेलच हवं. कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत भाजा, मग ओता. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात, तर चव गेलीच समजा.

रेकॉर्ड्सशिवाय फीचर कसं पूर्ण होणार? अजमेरच्या दर्ग्यातली मोठी देग, बादशहा अकबराने दिलेली, एका वेळी सुमारे ४८०० किलो अन्न शिजवू शकते. बँकॉकच्या वत्तना पानिच या खानावळीतला बीफचा रस्सा जवळपास पन्नास वर्षं न संपता शिजतोय. रोज उरलेल्यात नवीन भर. आणि २०१८ मध्ये ‘धिस इज अस’ या अमेरिकी मालिकेत जुन्या स्लो कुकरमुळे घराला आग लागल्याचं दाखवलं, तेव्हा प्रेक्षक इतके बिथरले की क्रॉक-पॉट कंपनीला आपल्या भांड्याची बाजू मांडायला सोशल मीडियावर यावं लागलं!

बजेट शून्य आहे? तरी स्लो कुकर घरातच आहे: गोधडी! १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची एक उबदार स्वयंपाकपेटी गाजली होती. उकळतं भांडं आत ठेवायचं, उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. महायुद्धांच्या काळात इंग्लंडमधल्या घरांनी गवत भरलेल्या खोक्यात हेच केलं. आपण मूगडाळीची खिचडी करू. जाड बुडाचं पातेलं जवळजवळ भरा, आठ-दहा मिनिटं झाकून उकळा, गॅस बंद. पाटावर ठेवून आधी टॉवेल, मग सुती गोधडी चारी बाजूंनी घट्ट गुंडाळा. तास-दीड तासाने उघडा आणि गरमागरम वाढून घ्या. मटण आणि राजमा यात अजिबात नको, तेवढं तापमान टिकत नाही.

येत्या रविवारी ही खिचडी करून बघा. दीड तास झाकण न उघडता राहवलं आणि चव आवडली, तर साडेतीन लिटरचा, साध्या नॉबचा, २३० व्होल्टचा स्लो कुकर खुशाल घ्या. नाही राहवलं, तर ते पैसे ठेवून द्या आणि संध्याकाळी रोशन गेटला नान खलिया खायला जा!