कंदाचा जमाखर्च

चैत्राच्या सुमारास पुण्यातील गच्च्यांवर अ‍ॅमरेलिसचे तांबडे-केशरी कर्णे उघडू लागले, म्हणजे ही सारी शोभा उन्हाळ्याने आयत्या वेळी घडविली असा समज होतो. वस्तुतः त्या फुलांची तजवीज सुमारे वर्षभर आधीच कंदाच्या पोटात झालेली असते. कुजका म्हणून काढलेला एखादा कंद उभा चिरून पाहिला, की त्याचे मांसल पदर म्हणजे जुन्या पानांचेच बुडखे होत, हे कळते. दर चार पानांमागे एक पुष्पदंड, असा त्याचा क्रम असून, पानांनी पुरेशी बेगमी केली नाही, तर तो दंड बाहेर न येता आतल्या आत सुकून जातो.

या कुळाचे मूळ दक्षिण अमेरिकेत. लँकेशायरमधील प्रेस्कॉट येथील आर्थर जॉन्सन या घड्याळजीने १७९९ साली त्यातील दोन जातींचा पहिला संकर घडविला, आणि पुढे संकरांची रीघ लागली.

लागवड मी माघात करतो. कुंडी कंदाहून दोन-दोन बोटेच रुंद असावी, तळाशी खापऱ्या, वर पोयटा, वाळू व मुरलेले शेणखत. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा उघडा, कारण मानेत पाणी साचले की कूज ठरलेली. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचेच.

खरी कसोटी फुले ओसरल्यावर लागते. कोमेजलेली फुले बी धरण्यापूर्वी खुडावीत. पण दांडा हिरवा आहे तोवर राखावा, आणि पानांना तर हात लावू नये, कारण पुढील साऱ्या वसुलीचा भरणा तीच करीत असतात. पावसाळ्यात कुंड्या वळचणीखाली घ्याव्यात, आणि लिलीवरच्या काळ्या ठिपकेदार अळ्या सकाळ-संध्याकाळ वेचाव्यात. त्यांनी एकदा ठाण मांडले की पाने राहत नाहीत. पानांवर व दांड्यांवर तांबडे चट्टे दिसले, तर ती बुरशी समजून तेवढा भाग कापावा आणि वरून पाणी घालणे बंद करावे. कार्तिकापासून पाणी क्रमाने तोडून, पाने आपणहून पिवळी पडल्यावर, कंदाला आठ-दहा आठवडे कोरड्या सावलीत पूर्ण रजा द्यावी.

मोठ्या कंदाच्या कुशीला सुटलेली पिल्ले, स्वतःची मुळे धरल्यावरच, विलग करावीत. ती फुलायला दोन-तीन वर्षे सहज जातात, आणि बियांपासूनच्या रोपांना त्याहून अधिक. तोवर नुसत्या पानांची चाकरी करणे ज्यास कमीपणाचे वाटते, त्याने दरसाल फुललेली कुंडी विकत आणून हौस भागवावी, हेच कंदाच्या व त्याच्या हिताचे.