आधी उपचार, मग दोषाचा निवाडा

अकोला-वाशिम रस्त्यावर मालेगाव-मेडशीदरम्यान रात्री ट्रकने दुचाकीस्वाराला उडवले, साक्षीदार कोणी नाही, पंचनाम्यात टायरच्या खुणा तेवढ्या. अशा वेळी चालकाचा निष्काळजीपणा अंथरुणाला खिळलेल्या जखमीने सिद्ध करायचा कसा? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ने ही अटच काढली. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये गाडीमालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे; चूक कोणाची, हे दाखवावे लागत नाही. यामुळे बेदरकार चालक मोकाट सुटतील, हा आक्षेप मला पटत नाही. फौजदारी खटला वेगळा चालतोच, आणि दवाखान्याचे बिल त्याच्या निकालापर्यंत थांबत नाही. रक्कम तुटपुंजी आहे, हे मात्र खरेच. कमावता माणूस गेला तर ५ लाख किती दिवस पुरणार? म्हणून पुरावा हाताशी असेल, तर कलम १६६ खाली उत्पन्नाच्या हिशेबाने भरपाई मागावी.