लसीमुळे की लसीनंतर?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानेच मोडली असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण लस टोचून घेतल्यावर पंधरा दिवसांत एखाद्याचे पाय लुळे पडले, तर त्याच्या घरच्यांना हा काकतालीय न्याय सांगून गप्प बसवता येईल काय? न्यायाधीशाने अशा वेळी काय मानावे? अमेरिकेने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते आम्ही येथे थोडक्यात मांडतो.

१९७६ साली 'स्वाइन फ्लू'च्या भीतीने त्या देशात सुमारे साडेचार कोटी लोकांना लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही. पण गुइलेन-बॅरे या विकाराचे रुग्ण वाढलेले दिसले आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या मज्जातंतूंवर उलटते. पायांतला अशक्तपणा वर चढत जातो, क्वचित श्वासही अडतो. पुढे हिशेब झाला तेव्हा लाखामागे सुमारे एक रुग्ण जास्तीचा निघाला.

खरी अडचण पुढेच आहे. हा विकार लसीवाचूनही होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याचे अनेक रुग्ण आढळले. त्यांतील काहींच्या तपासणीत जुलाबाचे जंतू सापडले. लाखाचा हिशेब शास्त्र सांगते. पण समोरच्या एका रुग्णाचा विकार लसीचाच, असे ठामपणे सांगणारी तपासणी नाही.

म्हणून १९८६ साली अमेरिकेने निराळा कायदा केला. यात कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. लसींवरील करातून निधी उभा राहतो आणि खास नेमलेले न्यायाधिकारी दावे ऐकतात. कायद्याबरोबर एक कोष्टक आहे. फ्लूची लस घेतल्यावर ३ ते ४२ दिवसांत गुइलेन-बॅरे उद्भवला, तर २०१७ पासून तो लसीमुळेच झाला असे गृहीत धरले जाते. मग दुसरे कारण दाखवण्याचा भार सरकारवर पडतो.

कोष्टकात न बसणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी २००५ साली वरिष्ठ न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या. लसीने असा विकार होऊ शकतो, याची वैद्यकीय उपपत्ती हवी. या रुग्णाच्या बाबतीत तसेच घडले, याची सुसंगत साखळी हवी. आणि दोहोंमधला काळ त्या उपपत्तीला जुळणारा हवा. टोचल्याच्या दुसऱ्या तासाला पाय गेले, तर ही तिसरी पायरी बहुधा ढासळते. 'आधी लस, मग आजार' एवढा क्रम पुरावा ठरत नाही.

मात्र शास्त्राला लागते तेवढी खात्रीही येथे मागितलेली नाही. पारडे किंचित झुकले तरी पुरे. अटीतटीचा प्रसंग आला, तर कौल पीडिताच्या बाजूने.

हे शास्त्राशी बेइमानी करणे आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. शास्त्र आणखी वीस वर्षे थांबू शकते; अंथरुणाला खिळलेला माणूस थांबू शकत नाही. लस सर्वांच्या हितासाठी टोचली जाते. तिचा क्वचित होणारा घाव एकट्यानेच सोसावा, असे म्हणणारा समाज लसीवरचा लोकांचा विश्वासही फार दिवस टिकवू शकणार नाही.