‘क्लोज’ म्हटलं, पण बंद झालं का?

गैरसमज: ‘एसिंक फॉर’मधून ‘ब्रेक’ने बाहेर पडलं की जनरेटरचा ‘फायनली’ भाग तिथल्या तिथे चालतो.

वस्तुस्थिती: पायथनच्या साध्या जनरेटरबाबत हा अनुभव बहुधा खरा ठरतो, म्हणूनच पुढे फसगत होते. एसिंक जनरेटर 2016 साली पायथन 3.6 मध्ये आले. त्यांच्या ‘फायनली’त ‘अवेट’ असू शकतो आणि तो चालवायला इव्हेंट लूप लागतो. गार्बेज कलेक्टरच्या हाती ते नाही. तो लूपला कळवतो, आणि लूप जनरेटर बंद करणारं ‘एक्लोज’ वेगळ्या टास्कमध्ये, मागाहून चालवतो. त्यात जनरेटरचा संदर्भ एखाद्या व्हेरिएबलमध्ये किंवा ट्रेसबॅकमध्ये अडकला, तर हे आणखी लांबतं. तोवर जनरेटरने धरलेलं डेटाबेसचं कनेक्शन पूलकडे परत जात नाही. गर्दीच्या वेळी नव्या विनंत्या ताटकळतात आणि दोष भलत्याच क्वेरीवर जातो. उपाय आहे: 2021 च्या पायथन 3.10 पासून ब्लॉकमधून बाहेर पडताच ‘एक्लोज’ चालवणारा ‘एक्लोजिंग’ हा कॉन्टेक्स्ट मॅनेजर मिळतो. पण तो वापरावा लागेल हे लायब्ररीनेच सांगितलं नाही, तर वापरणाऱ्याला कळणार कसं?

गैरसमज: ‘क्लोज’ परतलं म्हणजे सॉकेट बंद झालं.

वस्तुस्थिती: पायथनच्याच एसिंकआयओ लायब्ररीतल्या स्ट्रीमरायटरमध्ये ‘क्लोज’ फक्त सुरुवात करतं; पुढे ‘वेट_क्लोज्ड’ची वाट पाहावी लागते. एआयओएचटीटीपी या एचटीटीपी लायब्ररीच्या दस्तऐवजाने तर एसएसएलची कनेक्शनं पुरती मिटावीत म्हणून सेशन बंद केल्यावर 250 मिलिसेकंद थांबायला सांगितलं होतं. उणीव अशी उघड लिहून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

गैरसमज: टास्क रद्द झाला तरी सफाई पूर्ण होतेच.

वस्तुस्थिती: सफाईतल्या ‘अवेट’वर पुन्हा रद्द करण्याचा आदेश आला, तर सफाईही अर्ध्यात तुटते. ट्रायो या एसिंक लायब्ररीमध्ये रद्द झालेल्या स्कोपमधला पुढचा ‘अवेट’ही, शील्ड नसेल तर, पुन्हा रद्द होतो. म्हणून ट्रायोने ‘एक्लोज’ला स्पष्ट अट घातली आहे: मध्येच रद्द झालात तरी रिसोर्स बंद कराच, समोरच्याचा रीतसर निरोप घ्यायचा राहिला तरी चालेल.

गैरसमज: हा सगळा आतला तपशील आहे, तो दस्तऐवजात कशाला?

वस्तुस्थिती: कनेक्शन कधी सुटणार यावर वापरणाऱ्याचा सगळा कोड उभा असतो. लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, पुढची आवृत्ती काढण्याआधी प्रत्येक ‘क्लोज’खाली एवढं लिहाच: ते कुठल्या टास्कमध्ये चालतं, परततं तेव्हा नेमकं काय सुटलेलं असतं, दोनदा बोलावलं तर चालतं का, आणि मध्येच रद्द झालं तर मागे काय उरतं.