वेब्स्टर : एका आडनावाची कथा

इंग्रज लोकांची कित्येक आडनावे पूर्वजांच्या धंद्यांवरून पडली आहेत. 'वेब्स्टर' हे त्यांपैकीच एक होय. प्राचीन इंग्रजीत विणकरास 'वेबा' व विणकर स्त्रीस 'वेबेस्ट्रे' म्हणत. पुढे हा भेद लोपला आणि पुरुषही वेब्स्टर म्हणवू लागले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात अशी नावे वंशपरंपरेने चालू लागली. मुलाने माग सोडला, तरी नाव सुटेना.

१८२८ साली सुमारे ७०,००० शब्दांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे अमेरिकन पंडित नोआ वेब्स्टर याच आडनावाचे. त्यांनी जगास शब्दांचे अर्थ सांगितले. त्यांच्या स्वतःच्या आडनावाचा मूळ अर्थ मात्र 'विणणारी' असा होता! त्या कष्टाळू स्त्रियांची नावे इतिहासाने टिपली नाहीत. त्यांचे काम एका आडनावाने जपून ठेवले आहे.