पारख्याची साक्ष

‘बंदा रुपया’, ‘खणखणीत नाणे’, ‘वाजवून घेणे’ हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेले नाहीत. ज्या काळी रुपयाचे मोल त्याच्या अंगच्या चांदीवर ठरत असे, त्या काळी हाती आलेला रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकण्याची रीत होती. आज खिशातील नाणे कोणत्या धातूचे आहे, हे कोणी पाहत नाही. परंतु जुन्या नाण्यांच्या बाजारात तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. हे नाणे खरे कशावरून? आणि खरे असल्यास त्याची योग्य किंमत कोणती? हा प्रश्न केवळ छंदी लोकांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. वास्कोसारख्या बंदराच्या गावी तो अनेक घरांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

आपल्या गोव्यातील जुन्या पेट्यांच्या तळाशी काय काय सापडते ते पाहावे. आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा घेतल्यावर येथे सोन्याची, चांदीची व तांब्याची नाणी पाडविली. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून त्या बाजूच्या घरांत शिवराई व मराठी रुपये निघाल्यास नवल नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ साली राजा लुईश याच्या मुद्रेची ‘रुपिया’ आली. ती वजनाने व कसाने इंग्रजी रुपयाच्या बरोबरीची होती. १९५८ साली एका रुपियास सहा या दराने एस्कुदो आले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात असा साडेचारशे वर्षांचा इतिहास मिसळून पडलेला असतो.

असा डबा उघडला की घरच्यांसमोर दोन मोह उभे राहतात. पहिला मोह, तो चांदीच्या भावाने वजनावर मोडून टाकण्याचा. दुसरा त्याहून घातक. ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, त्याआधी नोंदणीचे एवढे पैसे पाठवा,’ असा निरोप येतो आणि भोळी माणसे पैसे पाठवितात. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन असे शुल्क, दलाली व कर मागितले जात असल्याचे आढळल्यावर, आपण अशा कोणत्याही व्यवहारात नाही, असा स्पष्ट इशारा त्या बँकेने ऑगस्ट १९२१ नव्हे, तर अगदी आपल्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. एकीकडे ठेवा मातीमोलाने जातो आणि दुसरीकडे पदरचे पैसेही जातात. दोन्हींचे मूळ एकच: त्या नाण्याविषयी निःपक्षपातीपणे सांगणारा कोणी जवळ नसतो.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. मराठी राज्यात पुणे, चांदवड, बागलकोट अशा अनेक ठिकाणच्या टाकसाळींचे रुपये चालत. त्यांचे वजन व कस सारखे नसत. म्हणून एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा कापला जाई. सरकारी भरण्यातील नाणी पारखण्याचे काम पोतदाराचे असे. पेठेत ते काम सराफ करी. तपासलेल्या रुपयावर सराफ आपली बारीक खूण ठोकीत. ती खूण म्हणजे घेणाऱ्यासाठी एक साक्षच होती. मौज अशी की, ज्या खुणेने एके काळी रुपयावरचा विश्वास वाढविला, तीच आज संग्राहकाच्या दृष्टीने व्रण ठरते आणि किंमत उतरविते. पारख्याने नाण्याला धक्का न लावता साक्ष द्यावी, हा धडा जगाने पुढे घेतला.

त्याची वाट अमेरिकेत निघाली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली. सर्वांत झिजलेल्या नाण्याला एक आणि निर्दोष नाण्याला सत्तर. सत्तर गुणांच्या नाण्याची किंमत एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी, असा त्याचा मूळ हिशेब होता. तो हिशेब बाजाराने कधीच मोडीत काढला. मोजपट्टी मात्र टिकली. साठापासून पुढचे गुण न वापरलेल्या नाण्यांना मिळतात. १९८६ साली ‘प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस’ आणि १९८७ साली ‘न्युमिस्मॅटिक गॅरंटी’ या संस्थांचे काम सुरू झाले. तेथे एकाहून अधिक परीक्षक नाणे पाहतात, ते खरे आहे की नाही व किती झिजले आहे हे ठरवितात, आणि नंतर ते पारदर्शक कठीण डबीत मोहोरबंद करून त्यावर गुण व क्रमांक घालतात. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि पारखणारा तिसराच, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. सोनारानेच कान टोचावे, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने.

आता मुख्य प्रश्न असा की, अशा प्रमाणपत्राने किंमत का वाढते? नाण्यात तर कणभरही भर पडलेली नसते. याचे उत्तर घेणाऱ्याच्या मनात आहे. नाणे खोटे निघेल, घासलेले निघेल, या भीतीपोटी तो देऊ केलेल्या रकमेतून आधीच काही भाग कापून ठेवतो. जुन्या काळी बट्टा कसावर पडे, आज तो संशयावर पडतो एवढेच. तिसऱ्याच्या साक्षीने तो संशयाचा बट्टा सुटतो आणि प्रामाणिक विकणाऱ्याला त्याचे हक्काचे मोल मिळते. सोन्याच्या दागिन्यांचे हेच झाले आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकाविना नवा हॉलमार्क दागिना दुकानदाराला विकता येत नाही. त्या शिक्क्याने सोने वाढत नाही, फसवणूक घटते.

आम्ही धर्मग्रामाच्या नोंदवहीतून बाप्तिस्म्याचा दाखला लिहून देतो. त्या दाखल्याने मनुष्य अधिक भला होत नाही. तो कोण, कोणाचा, एवढेच सिद्ध होते. नाण्याच्या दाखल्याचेही तसेच आहे. विपुल असलेले नाणे कितीही गुण मिळाले तरी दुर्मिळ होत नाही, आणि पुष्कळदा तपासणीचे शुल्कच नाण्याच्या किमतीहून अधिक पडते. शिवाय गुण हे अखेर मत आहे. तेच नाणे दुसऱ्यांदा पाठविल्यास एखादा गुण कमीअधिक येऊ शकतो. खोट्या डब्याही बाजारात आल्या आहेत. म्हणून डबीवरील क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहणे इष्ट. आपल्या रुपियांतही भेद आहे: १९३५ च्या रुपियात शेकडा ९१.७ चांदी, १९४७ च्या रुपियात निम्मी, तर १९५२ ची रुपिया तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची, म्हणजे चांदीविरहित. हे ज्याला ठाऊक नाही त्याला कोणीही फसवील.

खरेपणा आणि उत्तम स्थिती एवढ्यानेही भागत नाही, हे एका सुवर्णनाण्याने जगाला दाखविले. अमेरिकेत १९३३ साली वीस डॉलरची ४,४५,५०० सुवर्णनाणी पाडली गेली, परंतु ती चलनात न आणता वितळविण्यात आली. थोडी मात्र टाकसाळीतून निसटली. त्यांतील एकाच नाण्याची खासगी मालकी सरकारने कायदेशीर मानली. ते जून २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांस विकले गेले. त्याच वर्षाची दहा नाणी दुसऱ्या एका कुटुंबाकडे निघाली. तीही खरीच होती. परंतु न्यायालयाच्या निर्णयाने ती सरकारजमा झाली. नाण्याइतकाच त्याचा हक्क स्वच्छ असावा लागतो.

आमच्या तारवटी बांधवांनी ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. ‘बोटीवर निघालोच आहे, तर आजोबांच्या रुपिया परदेशी तपासून आणतो,’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. १८८१ ची रुपिया, तशीच १९१२ ची, या कक्षेत येते. चार पैशांच्या आशेने मुलाची नोकरी धोक्यात घालू नये.

मग करावे काय? प्रथम, नाणे घासू नये. चिंच, राख, रांगोळी वा कोणतीही पूड लावून ते लखलखीत करणे म्हणजे त्याच्या अंगावरची जुनेपणाची छटा खरवडून काढणे होय. घासलेल्या नाण्याला परीक्षक गुणांक न देता केवळ ‘खरे, परंतु साफ केलेले’ एवढाच शेरा देतात. दुसरे, नाणे कडेने धरावे, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवावे, वजन करून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि ते घरात कोणाकडून आले हे लिहून ठेवावे. तिसरे, जो विकत घेणार आहे त्याच्याच तोंडची किंमत अखेरची मानू नये. दोन-तीन जाणकारांना दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. अशा अभ्यासकांचे मत बाजारातील बोलीहून अधिक मोलाचे. आणि चौथे, किंमत देण्याआधीच जो शुल्क मागतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

घरातील डब्यात ठेवलेली नाणी कोणी कष्टाने मिळविलेली, कोणी अडीअडचणीतही न मोडलेली असतात. ती विकावी लागली तर विकण्यात कमीपणा नाही. परंतु ती विकताना आपल्या बाजूने बोलणारा नव्हे, समोरच्याच्याही बाजूने बोलणारा नव्हे, तर नाण्याच्या बाजूने बोलणारा कोणी तरी शोधावा.